तिशी-चाळिशीतच स्ट्रोक? कारण जीन्समध्ये असू शकतं!

‘स्ट्रोक’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सत्तरीतले आजोबा. पण पस्तिशीतल्या, चाळिशीतल्या माणसालाही स्ट्रोक येतो. मग कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू होते, ‘टेन्शन फार घ्यायचा’, ‘सिगरेटी किती ओढायचा!’ बऱ्याचदा ते खरंही असतं. हाय बीपी, डायबेटिस आणि सिगरेट तरुणांनाही सोडत नाहीत. पण काही वेळा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. अशा वेळी आठवावं असं एक नाव आहे, फॅब्री डिसीज.

भानगड काय आहे?

१८९८ मध्ये जर्मनीत योहानेस फॅब्री आणि इंग्लंडमध्ये विल्यम अँडरसन या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या आजाराची नोंद केली. आपल्या पेशींमध्ये साफसफाई करणारी एन्झाइम्स असतात. त्यातलं अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ए हे एन्झाइम या पेशंट्समध्ये नसतं किंवा कमी पडतं. त्यामुळे एक स्निग्ध पदार्थ रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, किडनीत, हृदयात साचत जातो. सोसायटीचा कचरा वर्षानुवर्षं उचललाच नाही तर काय होईल, तसंच हे.

खुणा लहानपणापासून

गंमत म्हणजे शरीर खूप आधीपासून सांगत असतं. शाळेत असताना तळहात-तळपायांची असह्य आग होते, ताप आला किंवा खेळून दमलं की ती वाढते. घाम फारसा येत नाही, ऊन सोसवत नाही. बेंबीपासून मांड्यांपर्यंत बारीक गडद लाल ठिपके दिसतात. पुढे लघवीतून प्रोटीन जायला लागतं, हृदयाचे स्नायू जाड होतात. पण ‘पीटी चुकवायचे बहाणे’ म्हणून मुलाचं दुखणं उडवून लावलं जातं आणि निदानाला वर्षं लागतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॅब्री पेशंट्सच्या एका नोंदणी-अभ्यासात, स्ट्रोक आलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांना तो फॅब्रीचं निदान होण्याआधीच आला होता.

अर्थात, पाय जळजळले की लगेच घाबरू नका! बी-१२ कमी असलं किंवा डायबेटिस असला तरी तसं होतं. फॅब्री खरोखर दुर्मिळ आहे. युरोपातल्या १५ देशांत १८ ते ५५ वयाच्या सुमारे ५ हजार स्ट्रोक पेशंट्सची तपासणी झाली. २०१३ च्या त्या अभ्यासात नक्की फॅब्री निघाला सुमारे ०.५ टक्के लोकांत, म्हणजे दोनशेत एक.

मग एवढी धडपड कशाला?

कारण यावर उपचार आहेत. कमी पडणारं एन्झाइम दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून देता येतं. युरोपात २००१ पासून, अमेरिकेत २००३ पासून त्याला मान्यता आहे. ठराविक जनुकीय बदल असणाऱ्यांसाठी गोळ्याही आहेत. मात्र झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही, म्हणून लवकर निदान महत्त्वाचं. खर्च अफाट आहे. भारताच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश आहे. त्याखाली नेमलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यापैकी एक आहे.

दुसरं कारण म्हणजे घरचे. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वडिलांना आजार असेल तर तो सगळ्या मुलींकडे जातो, मुलांकडे नाही. आईकडून मात्र प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता. बायका फक्त ‘वाहक’ असतात हा समज चुकीचा आहे, त्यांनाही स्ट्रोक येतो. पुरुषांत एन्झाइमची रक्ततपासणी पुरते, बायकांत ती नॉर्मलही येऊ शकते, म्हणून जनुकीय तपासणी करावी लागते.

लक्षात ठेवा

चेहरा वाकडा झाला, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर वय न बघता थेट हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आणि तरुण वयातल्या स्ट्रोकचं कारण सापडत नसेल, तर लहानपणीची आग, न येणारा घाम, घरातले किडनीचे आणि हृदयाचे आजार, हे सगळं न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. ‘फॅब्री तपासायचा का?’ असं विचारायला तर पैसे पडत नाहीत!