कच्चे मांस की कोरडे खाद्य?

‘कुत्रा म्हणजे माणसाळलेला लांडगा; त्याला कच्चेच मांस हवे,’ असे काही जण सांगतात. दुसरे म्हणतात, ‘कोरड्या खाद्याच्या पाकिटात सगळे आले.’ दोन्ही विधाने तपासून पाहू.

प्रथम आकडे. समजा, कोरड्या खाद्यात २४ टक्के प्रथिने आहेत आणि कोंबडीच्या कच्च्या मांसात २०. म्हणजे कोरडे खाद्य सरस? नाही. त्यात पाणी जेमतेम १० टक्के असते, मांसात सुमारे ७५ टक्के. पाणी वजा केले तर पहिल्यात ९० ग्रॅमला २४, म्हणजे सुमारे २७ टक्के प्रथिने. दुसऱ्यात २५ ग्रॅमला २०, म्हणजे ८० टक्के! तुलना करायची ती शुष्क वजनावर. शेकडेवारी शिकवताना हे गणित वर्गात जरूर द्यावे.

मग मांसच चांगले? येथे कॅल्शियम आडवे येते. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्त असावे लागते. हाडांविना मांसात मात्र फॉस्फरसच कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिलाचे शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून काढून घेते. हाडे कमकुवत होऊन मोडतात. मालक बिचारा कौतुकाने मांस भरवतच असतो.

लांडगा शिकारीची हाडे, काळीजही खातो. शिवाय कुत्रा आता लांडगा राहिलेला नाही. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ ते ३०. माणसाच्या उष्ट्यावर जगताना ज्यांना भाकरी पचली, ते टिकले.

आता जंतू. कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो. गोठवल्याने तो पुरता मरत नाही. कुत्रा ठणठणीत दिसला तरी त्याच्या विष्ठेतून जंतू पसरतात आणि घरातील लहान मुले आजारी पडू शकतात. कोरडे खाद्य बनताना उष्णतेने जंतू मरतात. पण मक्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष त्या उष्णतेलाही बऱ्याच अंशी टिकते. २००५ साली अमेरिकेत अशा खाद्याने अनेक कुत्री दगावली.

तेव्हा ‘नैसर्गिक’ किंवा ‘परिपूर्ण’ या शब्दांवर जाऊ नये. घटक किती, कोणत्या प्रमाणात आणि जंतू व विषापासून सुरक्षित आहेत का, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या स्वतःच्या ताटालाही ते लागू पडतात.