रिकाम्या कबरीचा अर्थ

फाल्गुनी वा चैत्री पौर्णिमा उलटली, की बहुधा लगतच्याच रविवारी ख्रिस्ती बांधवांचा पुनरुत्थानाचा सण येतो. पंचवटीत रामजन्माची लगबग असते, त्याच सुमारास आमच्या नाशकातल्या शरणपुरात प्रार्थनेची घंटा वाजते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी वसविलेली ही वस्ती. शुक्रवारी क्रूसावर खिळलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही सर्व पंथांची श्रद्धा; परंतु त्या मरणाने साधले काय, याचे उत्तर पंथोपंथी निराळे.

ग्रीक, रशियन आदी पूर्वेकडील मंडळी तीस विजयगाथा मानतात. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रांत ख्रिस्त मृत्युलोकाची द्वारे मोडून आदाम व हव्वा यांना हाताला धरून वर ओढतो. पश्चिमेत अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म या आचार्याने ऋणाची उपपत्ती मांडली: मनुष्याने ईश्वराचा केलेला अवमान एवढा थोर, की त्याची फेड ईश्वरानेच मनुष्य होऊन करावी. पुढच्या शतकात आबेलार म्हणाला, हा प्रेमाचा परमावधी. तो पाहूनच अंतःकरण पालटते. सोळाव्या शतकात कॅल्विनने ऋणाच्या जागी न्यायासन आणले. अपराध्याचा दंड निरपराध्याने भोगला. कॅथलिक मंदिरात क्रूसावर देह दिसतो, प्रॉटेस्टंटांकडे बहुधा नुसता क्रूस. एकाची दृष्टी बलिदानावर, दुसऱ्याची उत्थानावर, असे सांगतात. मला ते जरा सोपे वाटते. दोन्ही दिवस दोघेही पाळतात.

कीर्तनकाराला दृष्टान्त सुचतोच. जगासाठी हलाहल प्राशन करणारा नीलकंठ! पण शंभूस मरण आले नाही. व्याधाच्या बाणाने श्रीकृष्णाचा देह पडला खरा, परंतु ती अवतारसमाप्ती. कार्य आधीच पार पडले होते. इथे मरण हेच कार्य. शिवाय माझे कर्म दुसऱ्याने भोगावे, हे कर्मसिद्धान्तात वाढलेल्या बुद्धीला मानवत नाही. त्या उंबरठ्याशी मी थांबतो.

तो उंबरठा ओलांडलेले एक घर मात्र आपल्याच परिचयाचे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या. तो घाव त्यांच्या वर्मी कसा बसला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. काही वर्षांनी, आपल्या मनाने, त्याही तिकडे गेल्या. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणानंतर मराठीत तसाच मोठा प्रयत्न टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ काव्याने आरंभिला. पण आरंभीचेच अध्याय झाले आणि १९१९ साली ते निवर्तले. पुढचे सारे, अर्थात क्रूस आणि रिकामी कबरसुद्धा, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले, आणि त्यांनी ते काव्य पुरे केले.

चारही शुभवर्तमानांत त्या पहाटे कबरीपाशी प्रथम जातात त्या स्त्रियाच. मृतास लावावयाची सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या त्या बायकांपर्यंत लेखणी आली, तेव्हा लिहिणारी स्वतः वैधव्यात होती.