घोरणाऱ्याला आपलं घोरणं ऐकू येत नाही

आज विषय झोपेचा आहे. मध्येच कोणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही, फक्त व्याख्यान संपल्यावर त्यांनी मला येऊन भेटावं. (हशा)

बघा, हसलात. घोरणं म्हटलं की आपण हसतोच. लग्नाच्या वऱ्हाडात कोण घोरत होतं, रेल्वेच्या डब्यात कोणी झोपू दिलं नाही, हे आपले विनोदाचे विषय. आणि जो घोरतो त्याची झोप झकास झाली, असं आपण धरूनच चालतो. ‘काय डाराडूर झोपला होता!’ आता ज्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत ज्याचा श्वास अडकतो, त्याच्या बाबतीत हे साफ उलटं असतं. तो रात्रभर झोपत नसतो, रात्रभर झगडत असतो.

होतं काय, ते सांगतो. आपल्या नाकाला हाड आहे, पुढे श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. मधला घशाचा भाग मात्र नुसता स्नायूंचा, मऊ. जागेपणी हे स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात, जीभ आणि मऊ टाळू मागे येतात, वाट अरुंद होते. तिथून हवा जाताना पडदे थरथरतात, ते घोरणं. काही जणांत वाट पूर्णच मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, मेंदूला धोका कळतो, तो एक क्षण झोप मोडतो, स्नायू ताठ होतात आणि मोठ्ठा फुरफुराट करून श्वास परत सुरू. माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

या आजाराची सगळी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. पेशंट स्वतः साक्षीदार नसतो. साक्षीदार शेजारी झोपलेला असतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी सांगतो, बायकोला, नवऱ्याला, जो कोणी खोलीत झोपतो त्याला घेऊन या. आणि घोरण्याचं वर्णन विचारू नका, शांततेचं विचारा. ‘घोरता घोरता एकदम गप्प होतात का हो?’ असं विचारलं की समोरची बाई म्हणते, ‘हो, तेव्हाच तर मला भीती वाटते. मी हलवून बघते.’ निम्मं निदान तिथेच होतं. मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून आणलात तर आणखी उत्तम.

हे किती जणांना असतं? २००४ साली मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं, दोन्ही मिळून असलेले साडेसात टक्के निघाले. म्हणजे शंभरात सात-आठ. त्यात फक्त पुरुष होते, हेही लक्षात ठेवा.

कारण बायकांचं वेगळंच असतं. एक तर ‘बाई घोरते’ म्हणायची लाज. नवरा सांगत नाही, मुलं सांगत नाहीत. दुसरं म्हणजे बायका येऊन ‘मला पेंग येते’ म्हणत नाहीत. त्या म्हणतात थकवा आहे, सकाळी डोकं जड असतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. मग थायरॉईड तपासा, हिमोग्लोबिन तपासा, शेवटी ‘वयाप्रमाणे होतं’ म्हणून घरी पाठवा. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार बराच वाढतो. आणि एकट्या झोपणाऱ्या बाईला साक्षीदार कोण? अशा वेळी झोपेची गोळी सुरू झाली तर काही जणींचा श्वास जास्तच अडतो. दारूचंही तेच, तीही घसा सैल पाडते.

आणखी एक खूण, जी कोणी आपणहून सांगत नाही. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. लोक प्रोस्टेट दाखवतात, शुगर दाखवतात. दाखवावीच. पण बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयावर ताण येतो आणि हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. तसंच तीन-तीन गोळ्या घेऊनही ब्लडप्रेशर उतरत नसेल, तर झोपेबद्दल विचारलंच पाहिजे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा बातम्यांमधून या आजाराचं नाव घराघरात पोचलं. त्यानंतर लोक घाबरून विचारू लागले, ‘डॉक्टर, मी झोपेतच जाणार का?’ त्यांना इतरही आजार होते. श्वास अडला की मेंदू जागा करतो, म्हणून आज रात्रीची भीती नको. खरा हिशोब वर्षांचा आहे, आणि तो गाडीच्या स्टिअरिंगवर लवकर चुकता होतो.

आता तपासणी. संपूर्ण तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. एक रात्र लॅबमध्ये झोपायचं. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना तारा चिकटवतात, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. सुई कुठेच नाही. ‘एवढ्या तारांत झोप कशी लागेल?’ असं प्रत्येक जण म्हणतो, आणि बहुतेकांना निदानापुरती लागते. दुसरा प्रकार घरी करायचा. त्यात नळी, पट्टा आणि चिमटा असतो, डोक्याच्या तारा बहुधा नसतात.

इथे एक बारकावा आहे. रिपोर्टमध्ये ‘एएचआय’ हा आकडा असतो. तासाला सरासरी किती वेळा श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला किंवा अर्धवट अडला, तो आकडा. मोठ्या माणसात ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. एएचआय ४० म्हणजे सात तासांच्या झोपेत २८० वेळा. पण बऱ्याच घरगुती यंत्रांना तुम्ही झोपलात कधी हे कळतच नाही. तुम्ही तीन तास छताकडे बघत पडलात तरी ते तास भागाकारात जातात आणि आकडा कमी दिसतो. म्हणून लक्षणं जोरात आणि घरची चाचणी नॉर्मल, असं झालं तर तिथे थांबू नका, लॅबची करा. ज्यांचं हृदय कमजोर आहे किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार आहे, त्यांनी सरळ लॅबचीच करावी.

उपचाराचं सांगतो. १९८१ पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा प्रयोग छापला. नाकावाटे सतत हलक्या दाबाची हवा सोडायची, म्हणजे घसा आतून फुगलेला राहतो, मिटत नाही. हेच आजचं सीपॅप. हे ऑक्सिजनचं मशीन नव्हे. खोलीतलीच हवा, गाळून, दाबाने. ‘सवय लागेल’ ही भीतीही विसरा. चष्म्याची लागते तेवढीच सवय.

लोक मशीन घेतात आणि महिन्याभरात ते कपाटावर जातं. हरतात ते मास्कपाशी. म्हणून मास्क आधी तोंडावर बसवून, आडवं पडून, कुशीवर वळून बघा. मिशी असेल तर हवा गळते, तेव्हा नाकपुड्यांत बसणारा छोटा प्रकार बघा. नाक चोंदत असेल तर आधी ॲलर्जीचं औषध. घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर. आणि पहिले आठ दिवस रात्रीची घाईच नको: संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास मास्क लावून बसा. घरचे हसतील, हसू द्या.

पहाटे काढून टाकणारे बरेच असतात. ‘पाच तास लावलं की डॉक्टर!’ पण स्वप्नांची झोप जास्त करून पहाटेच असते, आणि बहुतेकांचा घसा तेव्हाच सर्वांत सैल असतो. २०१६ मध्ये हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे २७०० लोकांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात सीपॅपने पुढचे हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं. जास्त लावलं असतं तर काय झालं असतं, हा वाद चालू आहे. तेव्हा ‘मशीन घ्या, अटॅक टळेल’ असं मी म्हणणार नाही. पण ‘दिवसा माणसात याल’ हे पुष्कळांच्या बाबतीत खात्रीने म्हणतो.

बाकीचे उपाय थोडक्यात. फक्त पाठीवर झोपल्यावरच त्रास असेल तर कुशीवर झोपणं. सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण. वजन जास्त असेल आणि ते कमी केलं तर आकडा बहुधा उतरतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाईड या इंजेक्शनला लठ्ठपणासह असलेल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. पण आपल्याकडे बारीक माणसांनाही हा आजार होतो, लहान जबड्यामुळे. त्यांना ‘वजन उतरवा’ सांगून काय उपयोग? मुलांचं वेगळं, तिथे बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉईड.

(प्रश्न: माझे मिस्टर ट्रक चालवतात. तपासणीत निघालं तर काम जाईल म्हणून येत नाहीत.)

ताई, ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. त्यांना एवढं सांगा, की उपचार सुरू केल्यावर मशीन रोजचे तास नोंदवून ठेवतं. ‘मी नीट झोपतो’ याचा कागद हातात राहतो. न तपासलेल्या ड्रायव्हरकडे तो नसतो. तोवर रात्रीच्या लांब फेऱ्या टाळता आल्या तर बघा. डोळा जड झाला की गाडी बाजूला, काच खाली करून, गाणी लावून पुढे रेटायचं नाही. आणि कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगायचं, मशीन सोबत न्यायचं.

(प्रश्न: रात्री लाईट गेली तर? गुदमरायला होणार नाही?)

नाही. मास्कला हवा बाहेर सोडायची भोकं असतात, नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडपही असते. पंखा बंद झाल्यासारखं वाटून जाग येईल, तेव्हा मास्क काढून ठेवा आणि कुशीवर झोपा. घरी इन्व्हर्टर असेल तर मशीनचा प्लग त्याच्या लाईनवर घ्या. फक्त ह्युमिडिफायर तेवढा बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो.