चार्जिंगच्या गाडीला नवे टायर घेताना

चार्जिंगची स्कूटर घेताना माणूस बॅटरीबद्दल पन्नास प्रश्न विचारतो. मूळ टायर झिजले की मात्र "लावा एखादा चांगला" म्हणून मोकळा होतो. आठवडाभरात लक्षात येतं की गाडी पूर्वीइतकी चालत नाही, आणि मग शिव्या बॅटरीला बसतात.

मागचा टायर आधी का जातो

पेट्रोलची गाडी हळूहळू जोर धरते. इलेक्ट्रिक मोटर जागेवरूनच पूर्ण ओढ देते, आणि ती ओढ मागच्या टायरवर पडते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर उलटी काम करून बॅटरीत थोडी वीज भरते. तो रोधही त्याच टायरला सोसावा लागतो. शिवाय वजन आहेच: ॲक्टिव्हा 110 किलोच्या आत बसते, ओलाची सुरुवातीची एस1 प्रो मात्र 125 किलोची. म्हणून मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि कडा नव्यासारख्या राहतात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, मग कडा कितीही शाबूत दिसोत.

बाजूवरचे आकडे

टीव्हीएस आयक्यूबला पुढे-मागे 90/90-12 लागतो. म्हणजे रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के आणि रिम 12 इंची. एथर 450एक्सला पुढे हाच आकार, पण मागे 100/80-12. ओला एस1 प्रोला दोन्हीकडे 110/70-12. ॲक्टिव्हा 6जीचा पुढचा टायरही 90/90-12 असतो. त्यामुळे आयक्यूबवाल्याला हा आकार जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या साध्या दुकानातही मिळू शकतो. ओलाच्या टायरसाठी बहुधा भुसावळ गाठावं लागेल.

आकार जुळला म्हणजे काम झालं, असं नाही. त्यापुढे 54J असं काहीतरी छापलेलं असतं. 54 म्हणजे तो टायर 212 किलो भार घेतो आणि J म्हणजे ताशी 100 किलोमीटर वेगापर्यंत चालतो. आयक्यूबला J पुरे. शंभराच्या पुढे जाणाऱ्या गाडीला L, म्हणजे 120 ची मर्यादा, किंवा त्याहून वरचं अक्षर हवं. जुन्या टायरवर जे आकडे आहेत त्याखाली उतरायचं नाही, एवढं धरून चालावं. 'ईव्ही स्पेशल' हा शिक्का मी दुय्यम मानतो. चांगला असेल तर घ्यावा, पण भाराचा आकडा कमी असेल तर त्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

चार अंकी तारीखही पाहावी. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. पत्र्याच्या छपराखाली दोन-तीन खान्देशी उन्हाळे काढलेला टायर स्वस्त मिळतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं.

रेंज की काटा?

हलका, सहज घरंगळणारा टायर कमी वीज खातो. जाड टायर जास्त खातो, पण काटा अडवतो. जाहिराती रेंजवर बोलतात. यावलकरानं आधी आपला रस्ता पाहावा. भुसावळ वीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस. बहुतेक गाड्या एका चार्जिंगमध्ये याच्या दुप्पट सहज जातात. तेव्हा पाच-सात किलोमीटर रेंज घटली तर बिघडत नाही. केळीच्या मळ्यात, बांधावरच्या बाभळीचा काटा लागून जड गाडी ढकलत आणायची वेळ आली तर मात्र बिघडतं. म्हणून शेतात रोज जाणाऱ्यानं, किंवा आडगावच्या मनुदेवीकडे सातपुड्याच्या पायथ्याला वारंवार जाणाऱ्यानं, जाड रबराचा, खोल खाचांचा ट्यूबलेस टायर घ्यावा. काळ्या मातीचा चिखल खोल, मोकळ्या खाचांतून लवकर सुटतो.

भुसावळमार्गे रोज जळगावला नोकरीला जाणाऱ्याचं गणित वेगळं. जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास होतात, तिथे एकेक किलोमीटर मोलाचा. त्यानं कंपनीनं दिला होता तोच टायर पुन्हा बसवावा.

रुंद टायर दिसायला भारी म्हणून बसवणारेही आहेत. तो मडगार्डला घासतो, वीज जास्त खातो आणि स्पीडोमीटरही चुकवतो. हौसेला मोल नाही, पण ही हौस टाळावी.

ऊन आणि हवा

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहून तापतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा एक ते दीड पीएसआयनं चढते. दुपारी मीटर जास्त दाखवतो म्हणून हवा सोडली, तर पहाटे तोच टायर बसलेला सापडतो आणि रेंज नवीन टायरनंही सुधारत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी.

बसवताना

मोटर मागच्या चाकातच असेल, तर ॲक्सलमधून जाड वायर बाहेर आलेली असते. गाडी बंद करून आणि एमसीबी असेल तर तो पाडून ती वायर आधी सोडवावी लागते. पंक्चरवाल्यानं चाक तसंच ओढलं तर टायरच्या कितीतरी पट खर्च मोटरवर होतो. वॉशर कोणत्या क्रमानं होते, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं हवा आणि व्हॉल्व्ह नवा टाकून घ्यावा.

नव्या रबरावर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही.