लेसर आला, पण कोणता?

आपल्या शहरात दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात, यावर कित्येक वर्षे वाद चालू आहे. दंतवैद्यांच्या पाट्यांवरचा एक शब्द मात्र या वादातून सहीसलामत सुटला आहे. लिपी कन्नड असो, मराठी असो की इंग्रजी, 'लेसर' हा लेसरच राहतो. टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत चालत गेलात तर हा शब्द दोन-चार ठिकाणी तरी भेटेल आणि त्याच्या मागोमाग 'विना वेदना', 'विना रक्तस्राव', 'विना टाके' ही विशेषणेही येतील. मी मराठी साहित्य शिकवणारा माणूस. विशेषणे फार झाली की मूळ नाम तपासून पाहावे, ही आमची जुनी खोड. गेल्या वर्षी आईच्या निमित्ताने तशी गरजही पडली.

दातदुखीचे कारण आपल्या दोन्ही भाषांनी एकच ठरवून टाकले आहे. मराठीत दाढ 'किडते', कन्नडमध्ये हल्लु 'हुळुकु' होतो. हुळ म्हणजे पुन्हा किडाच. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायला लावायची आणि मग वाटीतल्या पाण्यात पडलेले 'किडे' दाखवायचे, हा उद्योग माझ्या लहानपणी जत्रेत पाहिल्याचे आठवते. दातात किडा कधीच नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज हळूहळू विरघळवते. तो विरघळलेला, मऊ झालेला भाग कोरून काढायचा आणि खड्ड्यात चांदी किंवा सिमेंट भरायचे, हे दंतवैद्याचे मुख्य काम. कोरण्यासाठी जे मशीन लागते, त्याच्या आवाजानेच निम्मे लोक खुर्चीत आखडून बसतात. लेसरचे आकर्षण आहे ते या आवाजापासून सुटका होईल म्हणून.

पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली चालवून दाखवला. त्यात माणकाचा स्फटिक होता. पाचच वर्षांनी लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञाने तो किरण आपल्या भावाच्या दातावर सोडला. भाऊ स्वतः दंतवैद्य होता, म्हणजे या उपचाराचा पहिला पेशंटही डॉक्टरच! त्याला दुखले नाही, दाताच्या पृष्ठभागावर थोडी इजा झाली. पण माणकाचा किरण दात फार तापवतो, हे लवकरच ध्यानात आले. दाताच्या पोटात जिवंत गर असतो आणि त्याला उष्णता सोसत नाही. १९६५ सालीच माकडांवर झालेल्या एका प्रयोगात गराचे तापमान जेमतेम साडेपाच अंशांनी वाढले, तरी सुमारे पंधरा टक्के दातांमधला गर मेला. त्यामुळे दात कोरण्यासाठी लेसर ही कल्पना पुढे बरीच वर्षे मागे पडली.

या इतिहासात आपल्याला जवळचे वाटेल असे एक नाव आहे. कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. के. एन. पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची. बारामती म्हटले की आपल्याला फक्त राजकारण आठवते, म्हणून मुद्दाम लिहिले. तोंडातल्या मऊ भागांच्या शस्त्रक्रियेत हा लेसर आजही वापरला जातो.

दातासारखी कठीण वस्तू कोरणारा योग्य लेसर सापडायला १९९० चे दशक उजाडले. अर्बियम या धातूवर आधारलेल्या लेसरला १९९७ साली अमेरिकेत दातांवर वापरण्याची परवानगी मिळाली. त्याची युक्ती समजायला नागपंचमीच्या लाह्या पुरतात. ज्वारीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो, तापल्यावर त्याची वाफ होते, कवचाला ती आवरत नाही आणि दाणा फुटतो. अर्बियमच्या किरणाची तरंगलांबी सुमारे २९४० नॅनोमीटर असते आणि नेमका हाच किरण पाणी सर्वांत अधाशीपणाने शोषते. दाताच्या वरच्या कठीण आवरणातही थोडे पाणी असते. किरण पडताच त्याची वाफ होऊन आवरणाचा सूक्ष्म कण उडतो. सेकंदाला अशा अनेक 'लाह्या' फुटतात, वरून पाण्याचा फवारा चालू असतो, म्हणून दात तापत नाही. किडलेल्या भागात पाणी जास्त, त्यामुळे तो निरोगी भागापेक्षा लवकर उडतो. आवाज होतोच, पण घरघर नव्हे, पटपट असा.

हे ऐकून धारवाडच्या माझ्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "नोवु आगतदेन?" उत्तर असे की, कमी दुखते, अजिबात दुखत नाही असे नव्हे. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली या विषयावरच्या नऊ चाचण्या पाहिल्या. त्यांत ६६२ रुग्ण होते. लेसरने वेदना कमी होतात आणि बधिर करण्याचे इंजेक्शन कमी वेळा लागते, असे काही प्रमाणात दिसले. पण कीड काढण्यात लेसर मशीनपेक्षा सरस आहे, असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. शिवाय पूर्वी भरलेली चांदी लेसरने काढता येत नाही, कारण त्या मिश्रणात पारा असतो. तिथे जुने मशीनच लागते. रूट कॅनालमध्येही लेसर निर्जंतुक करायला मदत करतो, आतली सफाई मात्र बारीक सुयांनीच करावी लागते.

आता पाटीवरच्या नामाकडे येऊ. लेसर ही एक वस्तू नाही, ते एका कुटुंबाचे आडनाव आहे. लहान दवाखान्यात बहुधा असतो तो डायोड लेसर. पेटीएवढा, अर्बियमच्या मानाने पुष्कळ स्वस्त. त्याचा किरण पाण्याऐवजी रंगद्रव्याला आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतो. म्हणून तो हिरडीवर उत्तम चालतो, पण दात त्याने कोरता येत नाही. 'आमच्याकडे लेसर आहे' हे वाक्य खरे असूनही तुमच्या किडलेल्या दाढेच्या काही उपयोगाचे नसेल, ते यामुळे. कोणता लेसर आणि माझ्या कोणत्या कामासाठी, हे विचारायला संकोच करू नये.

आमच्या आईचे काम हिरडीचेच होते. वय बहात्तर, माहेर निपाणीकडचे. आठ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू. पुढच्या हिरड्या फुगत फुगत दातांवर चढल्या, घास चावताना रक्त यायचे. पुण्याहून दादाचा फोन, "लगेच लेसर करून टाका, दहा मिनिटांचं काम." दुसऱ्या एका नातेवाइकाने त्याहून पुढे जाऊन सांगितले, "रक्ताच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा, म्हणजे भीती नाही." दोघेही मायेनेच बोलत होते.

डॉक्टरबाई कन्नडभाषक, पण मराठी अस्सल बेळगावी. त्यांनी हिरडीला हात लावण्याआधी विचारले, "आजी, बीपीची गोळी कुठली घेताय की हो?"

"बारीक पांढरी असते बघा, रात्रीची," आई म्हणाली. नाव तिला कशाला माहीत असणार!

चिठ्ठी पाहिली तर अ‍ॅम्लोडिपिन. रक्तदाबावरचे हे फार प्रचलित औषध आहे आणि काही लोकांमध्ये त्याने हिरड्या वाढतात. दात स्वच्छ नसतील तर जास्तच. डॉक्टरबाईंनी हृदयरोगतज्ज्ञांना पत्र लिहिले. उत्तरात दोन गोष्टी होत्या. बीपीची गोळी बदलून देतो, पण रक्ताच्या गोळ्या एक दिवसही थांबवायच्या नाहीत. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतते. फोनवरचा तो पाच दिवसांचा सल्ला आम्ही मानला असता तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ केला.

मग तीन महिने लेसर नाहीच. टप्प्याटप्प्याने दातांची सफाई, मऊ ब्रश आणि नवी गोळी. दादाला हा वेळकाढूपणा वाटत होता. पण निम्म्याहून अधिक सूज आपोआप ओसरली. उरलेली वाढ डायोडने काढली. बधिर करायचे इंजेक्शन द्यावे लागले. आई, डॉक्टरबाई आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला मी, तिघांनीही त्या किरणासाठी बनवलेले गडद चष्मे घातले, कारण भलतीकडे वळलेला किरण डोळ्याचा पडदा जाळू शकतो. चष्मे देत नसतील तर खुर्चीतून उठावे, असे मी म्हणेन. वीस-पंचवीस मिनिटे लागली. कापता कापताच बारीक रक्तवाहिन्या बंद होत होत्या, त्यामुळे रक्त फारच थोडे आले, टाके पडले नाहीत. दोन दिवस ताकभातावर निघाले. आईची तक्रार एकच होती: "केस जळल्यासारखा वास येतो, ते कुणी आधी सांगितलं नाही की."

सुरीने झाले नसते का, असे मी विचारले. "झालं असतं की," डॉक्टरबाई सरळ म्हणाल्या, "पण या गोळ्या चालू असताना रक्त थांबवत बसावं लागलं असतं." मला हे उत्तर पाटीवरच्या सगळ्या विशेषणांपेक्षा मोलाचे वाटले.

याच डायोडची दुसरी जाहिरात 'गुलाबी हिरड्या' अशी असते. आमच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला बघायला पाहुणे येणार होते, आणि हसताना हिरड्या काळ्या दिसतात म्हणून घरच्यांनी हा विषय काढला. काळसर हिरडी हा आजार नाही. कातडीला रंग देणारे मेलॅनिन तिथेही असते, एवढेच. लेसरने वरचा थर काढता येतो, पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रंग परत येऊ शकतो, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. तिला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "सर, मग लग्न झाल्यावर परत काळ्या झाल्या तर?" यावर मजजवळ उत्तर नव्हते आणि ते तिने द्यायचेही नव्हते.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू आणि मिसरी घराघरांत होती. आईनेही तरुणपणी मिसरी लावली आहे, म्हणून डॉक्टरबाईंनी गालाची आतली बाजू आणि जीभ उचलून खालची जागाही नीट पाहिली. पांढरा चट्टा असेल तर लेसरने तो जाळता येतो. पण आधी तुकडा काढून तपासला नसेल, तर जळून गेले ते काय होते हे कळायला मार्ग उरत नाही. इथे घाई करणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

आणि एक सौम्य लेसरही आहे, जो कापत नाही की जाळत नाही. १९६७ साली हंगेरीत एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांवर कमी शक्तीचा किरण सोडला, तेव्हा भादरलेले केस लवकर उगवलेले दिसले. त्या शोधाचा धागा पुढे कर्करोगाच्या उपचारापर्यंत आला. डोक्या-मानेच्या भागाला रेडिएशन घेणाऱ्यांचे तोंड आतून सोलून निघते, पाणी गिळणेही नको होते. ते टाळण्यासाठी हा सौम्य किरण वापरावा, अशी शिफारस या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. माझ्या मामेभावाला, तीस वर्षे गुटखा-तंबाखू खाल्लेल्या माणसाला, रेडिएशनच्या दिवसांत तो रोज काही मिनिटे दिला जात असे. तोंड आलेच, पण चौथ्या आठवड्यातही वहिनी वाटीभर पेज घेऊन बसायची आणि तो चमच्याचमच्याने ती संपवायचा.