क्षयाच्या जंतूचा ‘ध चा मा’

१९९१ साली धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना विचारलं गेलं, क्षयाच्या रुग्णाला कोणती औषधं लिहून द्याल? उत्तरादाखल ८० वेगवेगळ्या चिठ्ठ्या आल्या. पुढे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी त्याच भागात १०६ डॉक्टरांना पुन्हा विचारलं, तेव्हा २०१० साली छापून आलेला हिशेब असा : चिठ्ठ्या ६३ प्रकारच्या, बरोबर चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर फक्त सहा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचं खापर आपण सवयीने रुग्णाच्या माथी फोडतो. ‘मध्येच गोळ्या सोडल्या’ म्हटलं की विषय संपला. जंतूची जनुकं वाचली की हा विषय इतक्या स्वस्तात संपत नाही.

पुष्कळ जंतू प्रतिकाराची जनुकं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आयती घेतात. क्षयाचा जंतू ही उसनवारी करत नाही. १९९८ साली त्याचा जनुकसंच पूर्ण वाचून झाला : सुमारे ४४ लाख अक्षरं, चार हजारांच्या आसपास जनुकं. प्रतिकार उपजतो तो याच मजकुरातल्या चुकांतून.

क्षयावरच्या आयसोनियाझिडचंच बघा. ही गोळी स्वतः जंतूला काही करत नाही. तिला मारक बनवतो जंतूचाच एक विकर, कॅट-जी. हे १९९२ साली उलगडलं. या विकरात ३१५व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं आणि जनुकात त्यासाठी एजीसी ही तीन अक्षरं. मधल्या जीचा सी झाला की सेरीनच्या जागी थ्रिओनिन येतं. झाला ध चा मा! गोळी विकराच्या तावडीत नीट सापडत नाही आणि निरुपद्रवीच राहते. खरी मेख पुढे आहे. हाच विकर घातक ऑक्सिजन-संयुगांपासून जंतूचं रक्षण करतो आणि ते काम या बदलानंतरही बऱ्यापैकी चालू राहतं. अख्खं जनुक गमावलेले जंतूही औषधाला दाद देत नाहीत, पण ते दुबळे पडतात. म्हणून जगभर ३१५ची चलती आहे.

अशा चुका औषध घेण्याआधीपासूनच झालेल्या असतात. ढोबळमानाने दहा लाख जंतूंत एक आयसोनियाझिडला पुरून उरतो, दहा कोटींत एक रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला. दोन्हींना पुरून उरणारा शोधायचा तर एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील. फुप्फुसातल्या पोकळीत जंतू कोट्यवधी असले तरी इतके नसतात. चार औषधं एकदम देण्यामागचं गणित हेच. ते न मांडता एकच औषध दिलं तर काय होतं, हे ब्रिटनमध्ये १९४८ साली दिसलं. स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत चार दगावले, न दिलेल्या ५२ पैकी १४. पाच वर्षांनी हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. बहुतेकांच्या जंतूंनी औषध पचवलं होतं.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळमधल्या टुगेला फेरी इथे २००५-०६ मध्ये जवळजवळ कोणत्याच औषधाला न बधणाऱ्या क्षयाचे ५३ रुग्ण सापडले. ५२ दगावले. बहुतेकांना एचआयव्हीची लागण होती, त्यामुळे बोट एचआयव्हीकडे गेलं. पुढे तिथल्या जंतूंचे जनुकसंच वाचून मागचा हिशेब मांडला, तर आयसोनियाझिडचा ३१५वाला बदल १९५०च्या दशकातला निघाला. म्हणजे एचआयव्ही यायच्या कितीतरी आधीचा. त्या रुग्णांतल्या ज्यांच्या आधीच्या उपचारांची माहिती मिळाली, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी क्षयाचं औषध पूर्वी कधी घेतलंच नव्हतं. त्यांना आयता तयार जंतूच लागला होता.

निदानाची वाट सोपी झाली ती रिफाम्पिसिनमुळे. त्याला नकार देणारे बहुतेक बदल आरपीओ-बी जनुकाच्या ८१ अक्षरांत दाटलेले असतात. सीबीनॅट यंत्र थुंकीच्या नमुन्यातून तेवढाच तुकडा दोन तासांत तपासतं. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट बॅटरीवर चालत असल्याने छोट्या आरोग्य केंद्रातही मावतं. पण खिडकी ८१ अक्षरांचीच. इस्वातिनीत त्या खिडकीबाहेरचा एक बदल पसरला आणि यंत्र ‘रिफाम्पिसिन चालेल’ असं सांगत राहिलं.

  

जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं बेडाक्विलिन भारतात २०१६पासून सरकारी कार्यक्रमातून मिळू लागलं आणि २०२४ साली त्यावर उभी असलेली सहा महिन्यांची उपचारपद्धती भारताने मान्य केली. औषध उत्तमच आहे. पण इथे ३१५सारखी एक ठरलेली जागा नाही. आरव्ही०६७८ हे जनुक जंतूच्या एका पंपाला लगाम घालतं. ते कुठेही मोडलं तरी पंप मोकाट सुटतो आणि औषध बाहेर फेकतो. कुष्ठरोगावरचं क्लोफाझिमिनही त्याच पंपाने बाहेर जातं. मोडण्याच्या जागा शेकड्याने, म्हणून छोट्या खिडकीचं यंत्र इथे कामाचं नाही. जनुक सलग वाचावं लागतं नाहीतर जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघावा लागतो. त्याला आठवडे लागतात. गोळी तालुक्याला आणि ही तपासणी मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांत, ही व्यवस्था मला १९४८चीच नवी आवृत्ती वाटते. शिवाय बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिन यांपैकी एकही औषध कधी न घेतलेल्या काही रुग्णांच्या जंतूंतही आरव्ही०६७८ मोडलेलं सापडलं आहे.