मुळशी परिसरातील खनिज तेलाची शक्यता

मुळशी (पुणे जिल्हा) परिसर डोंगराळ असला, तरी वली पर्वतांतील तेलशोधाचे निकष येथे लागू पडत नाहीत. वली पर्वतात दाबामुळे गाळाचे थर दुमडून प्रस्तरभंगावरून एकमेकांवर सरकतात आणि कमानीसारख्या घड्यांत तेल व वायू साठतात. आसाममधील दिग्बोई (१८८९) हे त्याचे उदाहरण होय. सह्याद्री मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या, जवळजवळ आडव्या थरांचा झिजलेला कडा आहे. बेसाल्टात तेल निर्माण होत नाही; त्याखाली गाळाचे जाड खडक असतील तरच आशा धरता येते. दक्षिणेकडे कोयना परिसरातील वेधनात सुमारे ९३० मीटर बेसाल्टाखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हायचे तेल समुद्रतळाखालील चुनखडकांत आहे.